१६३ रुपये ८४ पैशांचा फरक

हळदीचा हंगाम उतरणीला लागला की आमच्या पेढीवर हिशेब मिळवण्याचे काम सुरू होते. गेल्या मे महिन्यात अशाच एका संध्याकाळी दिवाणजींनी हाताने लिहिलेला रोजमेळ आणि संगणकाने छापलेली दिवसाची तेरीज शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा दोहोंत १६३ रुपये ८४ पैशांचा फरक निघाला. संगणकाचा आकडा कमी होता. सांगलीच्या गणपती पेठेतील या अडत पेढीवर संगणकाची बाजू मी सांभाळतो आणि हिशेबाचा प्रोग्रामही बारा वर्षांपूर्वी मीच लिहिलेला आहे; त्यामुळे फरक निघाला की दिवाणजी काही बोलत नाहीत, नुसते चष्म्यावरून माझ्याकडे पाहतात.

दिवाणजींनी सत्तरी ओलांडली आहे. फरक शोधण्याच्या त्यांच्या काही ठरलेल्या कसोट्या आहेत आणि त्या ठरलेल्या क्रमानेच लागतात. "नवाने भाग जातोय का बघ," ते म्हणाले. जुन्या कारकुनांना ही युक्ती पाठ असते. लिहिताना शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, म्हणजे ६३ च्या जागी ३६ पडले, तर येणाऱ्या फरकाला नेहमी नवाने भाग जातो. १६३८४ मधील अंकांची बेरीज २२ होते, म्हणजे भाग जात नाही. मग दुसरी कसोटी: जमेची रक्कम चुकून नावे पडली असेल तर फरक रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून निम्मे करून ८१ रुपये ९२ पैशांची नोंद आम्ही शोधली. तशी नोंद नव्हती. हमाली, तोलाई, अडत यांपैकी नेमकी १६३.८४ ची एखादी बाब राहून गेली आहे का, तेही पाहिले. नाही. अखेर एकेक पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, ताडून पाहताना १,३०३ क्रमांकाची पट्टी सापडली. शेतकऱ्याला द्यायची रक्कम दिवाणजींच्या वहीत ६३,४१२.५० होती आणि संगणकाच्या कागदावर ६३,२४८.६६ होती.

दिवाणजी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून बराच वेळ पाहत बसले. "माणूस चुकला तर एका आकड्यात चुकतो, फार तर दोन आकड्यांत," ते म्हणाले. "इथं शेवटचे पाचही आकडे वेगळे आहेत. ही माणसाची चूक नव्हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू करून तीच पट्टी पुन्हा छापली, तर रक्कम ६३,४१२.५० आली. मधल्या काळात कोणीही काहीही केलेले नव्हते. मला हायसे वाटले, दिवाणजींना मात्र वाटले नाही. न सापडता दुरुस्त झालेली चूक ते दुरुस्त झाली असे धरत नाहीत. त्यांनी वहीच्या समासात पेन्सिलीने एक फुली केली आणि ती फुली माझ्या नावावर राहिली.

उत्तराचे पहिले टोक मला त्या रात्री घरी जेवताना सापडले आणि ते माझ्याच प्रोग्रामच्या एका जुन्या निर्णयात होते. हा प्रोग्राम रक्कम रुपयांत ठेवत नाही, पैशांत ठेवतो. त्यामागे कारण आहे. एकतृतीयांश हा अपूर्णांक दशमान पद्धतीत ०.३३३… असा कधीच न संपणारा होतो, तसाच संगणकाच्या शून्य आणि एक या दोनच अंकांच्या द्विमान पद्धतीत एकदशांश कधीच संपत नाही. ५० पैसे म्हणजे रुपयाचा अर्धा भाग, तो संगणकाला अचूक लिहिता येतो. १० पैसे मात्र येत नाहीत, कुठेतरी तोडावे लागतात, आणि अशा हजारो तोडलेल्या तुकड्यांची बेरीज केली की एक-दोन पैशांचा फरक डोके वर काढतो. म्हणून हिशेबाचे प्रोग्राम लिहिणारे बरेच जण पूर्णांकात पैसे मोजतात. तसे पाहिले तर फरक १६३.८४ रुपयांचा नव्हता, १६,३८४ पैशांचा होता. आणि १६,३८४ हा आकडा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेल्या माणसाला झोपेतही ओळखता येतो. दोनला दोनने गुणत गेले की चौदाव्या घाताला तो येतो. (दोनच्या कोणत्याही घाताला नवाने भाग जात नाही, त्यामुळे दिवाणजींची कसोटी इथे लागू पडणे शक्यच नव्हते.)

मी पानावरच बोटाने हिशेब केला आणि मग कागद घेतला. ६३,४१,२५० पैसे द्विमान पद्धतीत असे लिहितात:

११०००००११ ००००१०१०००००१०

आणि चुकलेली रक्कम, ६३,२४,८६६ पैसे, अशी:

११०००००१० ००००१०१०००००१०

उजवीकडून पंधराव्या स्थानावरचा एक गेला आणि तिथे शून्य आले. बाकी सगळे जसेच्या तसे. दिवाणजींना दशमान पद्धतीत पाच आकडे वेगळे दिसत होते, पण यंत्राच्या लिपीत एकच खूण पुसली गेली होती. कागदावरची शाई पाहून ही चूक समजणे शक्य नव्हते, कारण ती कागदाच्या मजल्यावर घडलेलीच नव्हती. आता ती कोणत्या मजल्यावर घडली, एवढे शोधायचे होते.

पहिला संशय स्वतःवर घ्यावा, हे बरे. मी प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचला. त्यात १६,३८४ वजा करणारी आज्ञा असण्याचा प्रश्नच नव्हता, पण एखाद्या जागी चुकून दुसऱ्याच्या जागेत लिहिले जात असेल, अशी शंका घ्यायला जागा होती. तसे काही मिळाले नाही. शिवाय सकाळी तीच फाइल बरोबर वाचली गेली होती, म्हणजे हार्ड डिस्कवर लिहिलेली रक्कम बरोबरच होती. चूक होती ती डिस्क आणि कागद यांच्या मधल्या वाटेवर, आणि त्या वाटेवर मुक्कामाची एकच मोठी जागा आहे: मेमरी.

इथे ऑपरेटिंग सिस्टीमची एक सवय सांगावी लागेल. पेढीवरचा संगणक लिनक्सवर चालतो. एखादी फाइल वाचली की लिनक्स तिची प्रत मेमरीत राखून ठेवते, आणि पुन्हा मागितली की डिस्ककडे न जाता ती प्रतच पुढे करते, कारण डिस्क मेमरीच्या मानाने फारच मंद असते. शून्य किंवा एक अशा एका खुणेला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो; ही प्रत ४,०९६ बाइटच्या पानांनी ठेवली जाते. प्रोग्रामला यातले काही कळत नाही. त्याला वाटते की आपण फाइल वाचली. आदल्या दिवशी दुपारी ती प्रत बिघडली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावरून छपाई झाली. रात्री संगणक बंद केल्यावर प्रत नाहीशी झाली आणि सकाळी डिस्कवरून नवी, शुद्ध प्रत आली. आपोआप दुरुस्त झालेल्या चुकीचे रहस्य एवढेच होते.

ही घडण मला तेव्हा इतक्या लवकर कळली याचे श्रेय पदविकेच्या दुसऱ्या वर्षातील एका किटला आहे. त्या किटवरचा, इंटेलने १९७६ मध्ये बाजारात आणलेला ८०८५ हा प्रोसेसर आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत पुढे कित्येक वर्षे टिकला. त्याची नालस्ती पुष्कळ झाली, जगात काय चालले आहे आणि तुम्ही काय शिकवता, असे म्हणणारे भेटतात. मला ती नालस्ती पटत नाही. त्या किटवर पडदा नव्हता, फाइल नव्हती, ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. सहा लाल आकडे दाखवणारी पट्टी, सोळा अंकांची कळफळी आणि चाळीस पायांची एक चिप. पाच आणि तीन यांची बेरीज करायची तर ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, ७६ असे नऊ बाइट बोटांनी दाबून मेमरीत भरावे लागत. पहिल्या दोन आज्ञा पाच आणि तीन या संख्या दोन रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरमधल्या तात्पुरत्या कप्प्यांत, ठेवतात, ८० ही बेरीज करते, ३२ ही उत्तर २०५० या पत्त्यावर नेऊन ठेवते आणि ७६ ने यंत्र थांबते. पत्ता लिहिताना २०५० न लिहिता आधी ५० आणि मग २० का लिहायचे, यावर आमच्या वर्गात पहिला आठवडा गेला होता. हा इंटेलचा रिवाज आहे, पत्त्याची खालची बाजू आधी येते. सहा मेगाहर्ट्झच्या आसपासचे स्फटिक आणि त्याच्या निम्म्या वेगाने चालणारा प्रोसेसर, यांच्या हिशेबाने या पाच आज्ञांना घड्याळाचे छत्तीस ठोके, म्हणजे सुमारे १२ मायक्रोसेकंद लागत. आमच्या बोटांना दोन मिनिटे लागत.

त्या किटवर २०५० हा पत्ता म्हणजे खरोखरच्या सोळा तारा होत्या. सर एकेका तारेला प्रोब लावून ऑसिलोस्कोपवर दाखवत, ही तार आता पाच व्होल्टवर आहे, ही शून्यावर आहे, आणि या सगळ्या मिळून २०५० होतात. पुढे पेढीवरच्या यंत्रावर काम करताना पत्ता या शब्दाचा अर्थ हळूच बदलून गेला होता. लिनक्समध्ये प्रोग्रामला जो पत्ता दिसतो तो मानलेला पत्ता असतो. ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोसेसर मिळून त्याची खऱ्या पानाशी सांगड घालतात, आणि ते खरे पान आज एक असते, उद्या दुसरे. बाजार समितीच्या आवारात गाळा क्रमांक तोच राहावा पण भिंती रोज रात्री हलवल्या जाव्यात, तसे. म्हणून मेमरीतले एखादे घर खराब असले, तरी त्याचा त्रास रोज वेगळ्याच प्रोग्रामला होतो. त्या घरात चित्राचा एखादा ठिपका आला तर रंग किंचित बदलतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मोकळेच राहिले तर काहीच होत नाही. शेतकऱ्याच्या पट्टीची रक्कम आली की मात्र दिवाणजी चष्म्यावरून पाहतात.

खरे घर शोधायचे तर ऑपरेटिंग सिस्टीमला बाजूला करावे लागते. मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम नेमके तेच करतो. तो पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होतो, त्याच्या खाली दुसरे काही चालत नसते, आणि तो मेमरीच्या प्रत्येक घरात काही नमुने लिहून पुन्हा वाचतो. तो स्वतःही मेमरीतच बसलेला असल्यामुळे आपल्या पायाखालची जागा तपासायला त्याला आधी दुसरीकडे सरकावे लागते. जमीन सारवणारी बाई शेवटच्या हाताला स्वतः उठून उंबऱ्याबाहेर येते, तसा तो अधूनमधून जागा बदलतो. शनिवारी रात्री मी तो लावून घरी गेलो. रविवारी सकाळी पेढी उघडली तेव्हा निळ्या पडद्यावर तांबड्या ओळी होत्या. पहिल्या दोन फेऱ्या निर्दोष गेल्या होत्या; पुढच्या फेऱ्यांत, यंत्र तापल्यावर, एकाच पत्त्यावर चूक मिळाली होती आणि चुकलेल्या बिटांच्या रकान्यात सोळाच्या पटीतल्या पद्धतीने लिहिलेला आकडा होता: ००००४०००. त्याचे दशमान रूप १६,३८४ होते. मी गल्लीत जाऊन चहा पिऊन आलो आणि पुन्हा तीच ओळ पाहिली.

सोमवारी दुरुस्तीचे दुकान चालवणारा मित्र आला आणि त्याने रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून खोडरबर हातात घेतले. आपल्याकडे कोणताही संगणक बिघडला की पहिला उपाय हाच असतो आणि बहुतेक वेळा तो लागूही पडतो, म्हणून त्याला हसू नये. २०१९ च्या महापुरानंतर तर या खोडरबराने सांगलीतली कितीतरी यंत्रे जिवंत केली. आमचा पहिला संगणक त्या पुरात गेला. दुकानात पाणी शिरले, प्रोग्राम आणि आकडे मात्र दिवाणजींच्या घरी असलेल्या पेन ड्राइव्हमुळे वाचले, आणि त्यानंतर घेतलेले हे यंत्र जुन्या बाजारातले, ४ जीबी डीडीआर-३ रॅमचे. मित्राचा तर्क दमट हवेचा होता. मी त्याला म्हटले, घास, पण उपयोग होणार नाही. डीडीआर-३ च्या रॅमला २४० संपर्कपट्ट्या असतात, त्यांपैकी ६४ डेटाच्या. त्यांपैकी एखादीवर गंज चढला असता, तर त्या पट्टीवरून जाणारा बिट प्रत्येक पत्त्यावर चुकला असता आणि यंत्र सुरूच झाले नसते. पत्त्याची पट्टी खराब असती तर चुका ठरावीक अंतराने दिसल्या असत्या. सगळ्या मेमरीत एकाच पत्त्यावर एकच बिट चुकतो, याचा अर्थ दारे-खिडक्या ठीक आहेत, आतले एक घर गेले आहे. त्याने तरीही घासले. पुन्हा लावल्यावर तीच ओळ, तोच पत्ता.

हे घर म्हणजे काय, ते मला सर्वांत सुंदर वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या मेमरीचे पेटंट मिळाले, तीत एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढेच लागते, आणि आजही आपल्या रॅममध्ये तीच रचना आहे. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार म्हणजे लाख-दीड लाख इलेक्ट्रॉन, त्याहून फारसे नाही. ४ जीबीच्या रॅममध्ये अशी सुमारे ३,४३६ कोटी घरे असतात. आणि यांतले एकही घर भार धरून ठेवू शकत नाही, सगळी गळतात. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे, तसे काम डिस्कचे. रॅमचे घर म्हणजे बुडाला बारीक चीर गेलेला माठ. म्हणून यंत्रात एक पाणक्या नेमलेला असतो, तो दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक माठापाशी एकदा येतो. माठ निम्म्याहून जास्त भरलेला दिसला तर तो काठोकाठ भरतो, आणि निम्म्याहून कमी दिसला तर पूर्ण उपसून टाकतो. डीडीआर-३ मध्ये ही फेरी ८,१९२ टप्प्यांत विभागलेली असते, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक हुकूम सुटतो, आणि हे तुम्ही पट्टी छापत असताना, चहा पीत असताना, पडदा नुसता उघडा असताना, अखंड चालू असते. वाचण्याची तऱ्हाही अशीच आहे: माठ ओतल्याशिवाय त्यात किती होते ते कळत नाही, म्हणून वाचले की पुन्हा भरून ठेवावे लागते.

आमच्या रॅममधील एका माठाची चीर इतरांपेक्षा थोडी रुंद होती. थंडीत तो ६४ मिलिसेकंद कसाबसा निम्म्यावर टिकत असावा. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, दुपारी तापलेल्या पेटीत गळती वाढली. उष्णतेने ती वाढतेच. पाणक्या वेळेवर आला, पण तोवर पाणी निम्म्याखाली गेले होते. त्याने नियमाप्रमाणे माठ उपसून टाकला आणि पुढे गेला. त्या माठात ६३,४१२ रुपये ५० पैशांपैकी १६३ रुपये ८४ पैसे होते.

निम्मे ही हद्द ठरवण्याची गोष्ट सांगलीकराला वेगळी समजावून द्यावी लागत नाही. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी इंचाइंचाने चढते, पण गावातले निर्णय या दोन आकड्यांवर ठरतात, ३९ फूट ११ इंचांना गाडी बांधून ठेवायची का यावर कोणी वाद घालत नाही. संगणकाच्या तळाशीही असेच आहे. तिथे शून्य आणि एक नाहीत, तिथे व्होल्ट आहेत आणि ते सतत चढतात-उतरतात. प्रयोगशाळेत आम्ही वापरत असलेल्या ७४०० मालिकेतील चिपा ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक मानतात, आणि मधल्या पट्ट्यात काय समजायचे याची हमी देत नाहीत. फरक एवढाच की नदी मधल्या पट्ट्यात दिवसेंदिवस थांबते आणि गावाची झोप उडवते, तर चिपेच्या तारेने तो पट्टा काही नॅनोसेकंदांत ओलांडायचा असतो. आणि सगळ्या तारा ओलांडून स्थिरावल्या की मगच पुढचे पाऊल टाकायचे, यासाठी घड्याळाचा ठोका असतो. घड्याळ म्हणजे वेग, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. ते खरे तर वाट पाहण्याचे साधन आहे. या तळावर एकदा शून्य आणि एक विश्वासाने उभे राहिले की वरचे मजले चढणे त्या मानाने सोपे. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये मांडलेले तर्काचे बीजगणित स्विचांच्या जोडणीला तंतोतंत लागू पडते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या आपल्या प्रबंधात दाखवले. स्विचांपासून गेट, गेटपासून बेरजेचे मंडल, आणि तिथून ८० ही आज्ञा. तो भाग पुस्तकांत चांगला लिहिलेला आहे.

अशा चुका आधीही झालेल्या आहेत. मे २००३ मध्ये बेल्जियमच्या निवडणुकीत ब्रुसेल्समधील स्कारबेक येथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मते पडलेली दिसली. जास्तीची मते ४,०९६ होती, म्हणजे दोनचा बारावा घात. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही आणि अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने बिट उलटवला असावा, असा तर्क राहिला. बेल लॅब्जमधील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चूक शोधून दुरुस्तही करणाऱ्या संकेतांची पद्धत प्रसिद्ध केली होती. सर्व्हरांच्या रॅममध्ये ६४ बिटांसाठी ७२ घरे ठेवून त्याच जातीच्या पद्धतीने एक बिट चुकला तर जागच्या जागी सुधारतात. घरगुती यंत्रांत ही जादा घरे देत नाहीत, चार पैसे वाचवतात. हिशेबाच्या यंत्रात हा कंजूसपणा मला मान्य नाही, पण आम्हीही ते यंत्र स्वस्त म्हणूनच घेतले होते.

नवी रॅम यायला चार दिवस लागणार होते आणि सौदे थांबणार नव्हते. मेमटेस्टने दाखवलेला पत्ता ज्या पानात पडतो, ते ४,०९६ बाइटचे एक पान वापरू नकोस, असे मी सुरुवातीच्या सूचनांत लिनक्सला सांगून ठेवले. साडेदहा लाखांच्या आसपास पानांपैकी एक पान वगळले गेले आणि काम चालू राहिले. दिवाणजींना ही युक्ती आवडली. वहीतले फाटके पान दुमडून ठेवण्याची पद्धत त्यांच्या परिचयाची होती.

मात्र त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, जो मी स्वतःला विचारायला हवा होता. "हे एवढ्या एकाच पट्टीला झालं कशावरून?"

डिस्कवरची रक्कम सुरक्षित असते हे अर्धेच खरे आहे. प्रतीच्या पानात एका ठिकाणी काही बदलले, की लिनक्स ते सगळे पान डिस्कवर परत लिहिते. म्हणजे बिघडलेल्या प्रतीच्या पानात दुसऱ्याच कोणाच्या नोंदीत आपण काही सुधारले, तर बिघडलेली रक्कमही त्याबरोबर कायमची डिस्कवर जाते. हंगामात १,४१२ पट्ट्या झाल्या होत्या आणि त्या सगळ्या वजनाच्या चिठ्ठ्यांशी ताडायच्या म्हणजे दोन आठवडे गेले असते. इथे माझ्या नोंदीची लांबी कामाला आली. मी प्रत्येक पट्टीची नोंद नेमकी ६४ बाइटची ठेवली आहे, म्हणून एका पानात बरोबर ६४ नोंदी मावतात. खराब घर पानातल्या एकाच ठरावीक जागी आहे. त्यामुळे त्या खऱ्या पानात फाइलचा कोणताही भाग येवो, मार बसणार तो ठरावीक स्थानावरच्या नोंदीला, आणि तोही रकमेच्या त्याच बिटाला. १,३०३ ला ६४ ने भागले की बाकी २३ उरते. म्हणजे २३, ८७, १५१ असे करत १,३६७ पर्यंतचे क्रमांक, एकूण २२ पट्ट्या. बाकीच्या १,३९० पट्ट्यांकडे पाहण्याचे कारणच नव्हते.

दिवाणजींनी २२ चिठ्ठ्या काढल्या आणि दुपारच्या जेवणाआधी त्या तपासून झाल्या. एकवीस बरोबर निघाल्या; त्यांत १,३०३ ही होती, कारण तिची रक्कम डिस्कवर सुरक्षितच होती. १,०४७ क्रमांकाच्या पट्टीत १६३ रुपये ८४ पैसे कमी होते, आणि ते डिस्कवरही कमीच होते. मागे जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला: त्याच पानात बसणाऱ्या १,०६२ क्रमांकाच्या पट्टीवर गावाचे नाव बेडगऐवजी बेगड पडले होते, ते मी एके दुपारी सुधारले होते. अक्षरांची ती अदलाबदल सुधारताना शेजारच्या शेतकऱ्याचे पैसे मी स्वतःच्या हाताने कापून डिस्कवर पाठवले होते.

त्या शेतकऱ्याने रक्कम केव्हाच नेलेली होती. दिवाणजींनी फोन करून बोलावून घेतले. ते तासगाव तालुक्यातून एसटीने आले, पेढीवर बसले, पाणी प्यायले, आणि दिवाणजींनी मोजून दिलेले १६४ रुपये हातात घेऊन विचारले की मग एवढी चूक झाली कशी. दिवाणजींनी माझ्याकडे पाहिले. मी माठाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पाणक्या, चीर, निम्म्याखाली गेलेले पाणी, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे माठ बदलला का?" त्यांनी विचारले.

बदलला होता. जुनी रॅम दिवाणजींच्या गल्ल्यात, बाद झालेल्या वजनांच्या शेजारी पडून आहे. वहीच्या समासातील फुली त्यांनी त्या दिवशी खोडरबराने पुसली.